थिरकवाखाँसाहेब : नाटक मंडळीतून विद्यालयाच्या वर्गात गेलेला तबला

स्मृतिदिन विशेष

चाकण : आज १३ जानेवारी, उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा स्मृतिदिन. १९७६ साली याच तारखेला लखनौमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला. तबला शिकणाऱ्या मुलामुलींना हे नाव नवीन नाही. क्लासचे सर त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, तेवढं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण हा माणूस कोण होता, आपल्या मराठी मुलखाशी त्याचं नातं काय आणि पुढं संगीत विद्यालयात बसून त्यानं शिकवलं म्हणजे नेमकं काय केलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट सांगण्याला कारण आहे. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत तालाला तोटा नाही. गावोगाव हरिनाम सप्ताह, पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ. आळंदी तर खेड तालुक्यातच, आणि तिथं मृदंग शिकायला राज्यभरातून पोरं येतात. दुसरीकडं चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे इथं कारखाने आले, त्यांच्यामागं वस्ती आली आणि वस्तीमागं तबल्याचे क्लास आले. आई-बाप शिफ्टला जातात आणि पोरगं खांद्याला बॅग अडकवून क्लासला जातं. दोन-तीन परीक्षा झाल्या की घरात एक प्रश्न निघतो. पोराला पुढं कॉलेजात, विद्यापीठात संगीत शिकायला घालायचं, की एखादा चांगला गुरू गाठून त्याच्या पायाशी बसवायचं? परीक्षेतून कलाकार घडतो का?

थिरकवाखाँसाहेबांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा आल्या. ते स्वतः शिकले गुरूच्या घरात आणि शिकवायला बसले विद्यालयात. म्हणून त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं.

मुरादाबादचा मुलगा

खाँसाहेबांचा जन्म उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा, १८९२ च्या सुमाराचा. मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव. घराणं मात्र वाजवणाऱ्यांचं. वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवायचे. मुलाची सुरुवातही गाण्यानं आणि सारंगीनंच झाली. पण हात तबल्याकडं ओढ घ्यायचा. घरातल्याच वडीलधाऱ्या मंडळींनी पहिले बोल शिकवले.

त्या काळी घरातलं शिक्षण म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. पाटी-पुस्तक नाही, तासांचं वेळापत्रक नाही. उस्तादानं बोल तोंडानं म्हणायचा, शिष्यानं तो तोंडानं म्हणायचा, मग हातातून काढायचा. यालाच पढंत म्हणतात. आज दिलेला बोल साफ निघेपर्यंत पुढचा मिळायचा नाही. त्यात महिना जाईल नाहीतर वर्ष जाईल. शिष्यानं उस्तादाच्या घरची कामं करायची, मैफलीला मागं बसून ऐकायचं आणि उस्तादाची मर्जी सांभाळायची. मर्जी गेली की शिक्षणही थांबलं.

अहमदजान लहान वयातच मुंबईत उस्ताद मुनीरखाँ यांच्याकडं आले. मुनीरखाँ हे त्या काळचे मोठे विद्वान वादक. एका घराण्यावर न थांबता अनेक उस्तादांकडून त्यांनी विद्या गोळा केली होती. दिल्लीचा दोन बोटांचा नाजूक बाज, फरुखाबादच्या भारदस्त गती, असं सगळं त्यांच्याजवळ होतं. हे सगळं भांडार अहमदजानच्या हातात उतरू लागलं.

थिरकवा हे आडनाव नव्हे, ते टोपणनाव. मुनीरखाँचे वडील काळेखाँ यांनी या पोराला रियाज करताना पाहिलं. तबल्यावर बोटं अशी चालत होती की जणू नाचतायत. थिरकणं म्हणजे लयीत नाचणं, त्यावरून त्यांनी थिरकवा म्हणायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच नाव राहिलं. सोळाव्या वर्षाच्या आसपास मुंबईत लोकांसमोर पहिलं वादन झालं आणि जाणकारांच्या तोंडी हे नाव फिरायला लागलं.

गंधर्व मंडळीत

इथून मराठी माणसाचा संबंध येतो. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. संगीत नाटकाचा तो सुवर्णकाळ होता. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. १९१९ साली 'एकच प्याला' आलं. या मंडळीनं साथीला माणसंही तोलामोलाची ठेवली. सारंगीला कादरबक्ष, तबल्याला अहमदजान थिरकवा.

नाटक कंपनीतला तबला हे काम सोपं नसतं. रात्री उशिरा पडदा उघडायचा आणि पहाटेपर्यंत खेळ चालायचा. बालगंधर्व पद गायचे, वन्स मोअर यायचा, की तेच पद पुन्हा. पण दुसऱ्यांदा गाताना जागा वेगळ्या, ताना वेगळ्या. तबलजीला आधी काहीच ठाऊक नाही. गाणारा नट पात्राच्या भावात असतो, तो मधेच थांबेल, लांबवेल, हळू होईल. ठेका मात्र हलता कामा नये. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हातात डोंगराएवढी विद्या असताना ती झाकून ठेवायची. लोक बालगंधर्वांना ऐकायला आलेत, याचं भान सोडायचं नाही. ठेका भरलेला, गोड, गाण्याला टेकू देणारा ठेवायचा आणि गाण्यानं जागा दिली तेवढ्यापुरतीच लग्गी वाजवायची.

खाँसाहेबांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. मंडळीच्या मुक्कामांबरोबर पुणे, मुंबई आणि मराठी मुलखातली गावं पालथी घातली. एरवी दिवाणखान्यात, दरबारात, मोजक्या रसिकांत अडकून पडलेलं हे वादन नाटकाच्या तिकिटावर चारचौघांच्या कानावर पडलं. पेढीवरचा कारकून, शाळामास्तर, मामलेदार कचेरीतला शिपाई, सगळ्यांनी थिरकवांचा ठेका ऐकला. महाराष्ट्रात तबल्याचा कान तयार झाला त्यात या नाटकांचा मोठा वाटा आहे.

तेव्हा तबलजी या शब्दाला मान नव्हता, हेही सांगायला हवं. गवई पुढं, तबलेवाला मागं. बिदागी कमी, नाव कमी. तबला म्हटलं की नाकं मुरडणारी घरं पुष्कळ होती, सभ्य घरातल्या पोरानं हे वाद्य शिकू नये असं बोललं जायचं. अशा काळात एका तबलावादकाचं नाव नाटकवेड्या माणसांच्या तोंडी गाणाऱ्यांच्या जोडीनं येऊ लागलं, ही लहान गोष्ट नाही.

पुढं बोलपट आला. १९३१ साली 'आलमआरा', १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. नाटक कंपन्यांची गर्दी ओसरली, कर्जं वाढली. स्वतः बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त पडद्यावर दिसले. जुनी मंडळी पांगली. खाँसाहेबांनाही दुसरा आसरा शोधावा लागला.

रामपूरचा दरबार

१९३६ च्या सुमारास खाँसाहेब रामपूरच्या नवाबांकडं रुजू झाले. रामपूर मुरादाबादच्या अगदी शेजारी, त्यामुळं घराजवळ परतल्यासारखंच होतं. तेव्हाचे नवाब रझाअलीखाँ गाण्याबजावण्याचे शौकीन, आणि रामपूरच्या दरबाराची कीर्ती जुनी. बीनकार वजीरखाँ तिथलेच. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनीही रामपूरला जाऊन विद्या मिळवली होती. भातखंड्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढं पुन्हा येणार आहे.

दरबारात पोटाची चिंता नव्हती. मोठमोठ्या कलावंतांची संगत होती. पण दरबार म्हणजे राजाच्या मर्जीवरचा संसार. १९४७ ला स्वातंत्र्य आलं, १९४९ साली रामपूर संस्थान भारतात विलीन झालं. देशभर हेच घडलं. संस्थानं गेली आणि त्यांच्या आधारानं जगणारे शेकडो गवई, बजवय्ये उघड्यावर पडले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त वाजवणंच माहीत, त्यांनी करायचं काय? काहींना आकाशवाणीनं हात दिला. काहींना संगीत विद्यालयांनी. थिरकवाखाँसाहेब गेले लखनौच्या विद्यालयात.

मराठी माणसांनी उभा केलेला लखनौचा वर्ग

हे विद्यालय उत्तर प्रदेशातलं, पण त्याच्या पायात मराठी माणसांचे कष्ट आहेत. भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले, पेशानं वकील. देशभर फिरून त्यांनी उस्तादांकडच्या चिजा गोळा केल्या, त्या लिहून काढायला स्वरलिपी तयार केली आणि पुस्तकं छापली. गाणं घराघरांत कोंडून राहिलं तर एखाद दिवस ते मरून जाईल, ही त्यांना धास्ती होती. १९१६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. बडोद्यात तर त्याच्याही तीस वर्षं आधी, १८८६ साली, मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली होती. वेळापत्रक लावून, वर्ग पाडून गाणं-वाजवणं शिकवण्याचा हा रिवाज तिथं रुजला. तीच शाळा पुढं बडोद्याच्या विद्यापीठाचा भाग झाली.

१९२६ साली लखनौमध्ये विद्यालय उघडलं. तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला मॅरिस कॉलेज म्हणत. राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांनी तिथली बाजू सांभाळली, शिक्षणाची आखणी भातखंड्यांची. १९२८ पासून प्राचार्य होते श्रीकृष्ण रातंजनकर, तेही मुंबईचेच. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी ते विद्यालय चालवलं. स्वातंत्र्यानंतर विद्यालयाला भातखंड्यांचं नाव मिळालं. १९६६ साली राज्य सरकारनं ते ताब्यात घेतलं, २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखलं जातं.

तबल्याचा वर्ग तिथं आरंभीच्या काळापासून होता. लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आबिदहुसेनखाँ तिथं शिकवायचे. खलिफा म्हणजे घराण्याचा मुखिया. त्यानं वर्गात येऊन कुणाच्याही पोराला शिकवावं हीच मोठी गोष्ट होती. १९३६ साली ते वारले. त्यांच्यानंतरच्या काळात त्याच विद्यालयात तबल्याचे प्राध्यापक म्हणून अहमदजान थिरकवा बसले.

मुरादाबादच्या सारंगीवाल्याचा मुलगा आणि नाटक कंपनीचा तबलजी आता प्राध्यापक झाला होता.

हुंड्यात दिलेली विद्या फळ्यावर

वर्गात शिकवणं म्हणजे काय बदल झाला, ते कळायला घराण्यातली एक जुनी गोष्ट ऐका. फरुखाबाद घराण्याचे मूळ पुरुष हाजी विलायतअलीखाँ. लखनौच्या बक्षूखाँची मुलगी त्यांना दिली होती. या लग्नात सासऱ्यानं जावयाला हुंडा म्हणून सोनंनाणं नाही, तर तबल्याच्या गती दिल्या, असं परंपरेत सांगतात. गत म्हणजे बांधलेली रचना, गवयाची जशी चीज तशी. किती दिल्या याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण गोष्टीतला मुद्दा खरा आहे. रचना ही घरची इस्टेट होती. ती मुलाला द्यायची, जावयाला द्यायची, परक्याला नाही. शिष्याला दिली तरी गंडा बांधून, पारखून, थोडी थोडी. काही उस्ताद शेवटपर्यंत काही रचना कुणालाच न देता गेले आणि त्या त्यांच्याबरोबर मातीत गेल्या.

अशी विद्या वर्गात आली. प्रवेश अर्ज भरला, फी भरली की समोर बसायला जागा मिळते. बाप सारंगिया असो, शेतकरी असो की रेल्वेतला कामगार, फरक पडत नाही. बोल फळ्यावर लिहिले जातात. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे, ही खूण आज आपल्याकडच्या क्लासमधली दहा वर्षांची पोरंही ओळखतात. ती भातखंडे पद्धतीची आहे.

वर्गामुळं तीन गोष्टी सोप्या झाल्या. एक, दार उघडलं, म्हणजे कुणाच्या मर्जीवर शिक्षण अडत नाही. दोन, क्रम लागला. आधी हाताची ठेवण, मग ठेका, मग कायदा, त्याचे पलटे, मग रेला, गत, तुकडा, चक्रदार. आपण कुठवर आलो हे विद्यार्थ्याला कळतं. तीन, जपणूक झाली. लिहिलेली रचना माणसाबरोबर मरत नाही.

पण वर्गाची अडचणही तितकीच खरी. तबला हे कानाचं वाद्य आहे. बोल फळ्यावर एकच दिसतो, वाजतो मात्र दहा तऱ्हांनी. चाटेवर बोट किती पडलं, शाईवरून ते किती लवकर उठलं, डग्ग्यावर मनगट किती सरकलं, यावर त्याचा गोडवा ठरतो. हे कागदावर येत नाही. शेजारी बसून, हात पाहून, चुकलं की थांबवून, पुन्हा काढून घ्यावं लागतं. एका खोलीत दहा-पंधरा जोड्या एकदम वाजायला लागल्या की कुणाचा धा कुठला हे मास्तरालाही कळेना होतं. त्यात तास संपला की घंटा. कायद्याचा विस्तार रंगात आला आणि घंटा झाली, असं विद्यालयात होणारच.

खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं ऐकली की कळतं, त्यांच्या वादनात सगळी गंमत याच न लिहिता येणाऱ्या भागाची आहे. ते सुरुवातीला घाई करत नाहीत. विलंबित त्रितालात पेशकार मांडतात. एकेक अक्षर सुटं, टपोरं, बोलल्यासारखं ऐकू येतं. डावा हात गातो. लय वाढली तरी अक्षर पुसट होत नाही. दिल्लीचा कायदा दिल्लीसारखा, फरुखाबादची गत फरुखाबादसारखी, हरेक चीज तिच्या घरच्या वळणानं. एका तासात शिकवून होण्यासारखं हे नाही.

मराठी शिष्य

म्हणूनच खाँसाहेबांच्या तयार शिष्यांकडं पाहिलं की ध्यानात येतं, त्यातले बरेच जण त्यांच्याजवळ बसून, जमेल तेव्हा जमेल तिथं शिकले. आणि त्यात मराठी नावं पुष्कळ. पुण्याचे लालजी गोखले त्यांचे शिष्य. 'गुणीदास' या नावानं बंदिशी बांधणारे गवई जगन्नाथबुवा पुरोहित त्यांच्याकडं तबला शिकले, त्यामुळंच त्यांच्या गाण्यातली लयीची बाजू पक्की राहिली. याच बुवांनी तबल्याची वाट दाखवलेले भाई गायतोंडे, जन्म कणकवलीचा, पुढं ठाण्यात राहिले. तेही नंतर खाँसाहेबांचे शागीर्द झाले आणि आयुष्यभर त्याच बाजाची सेवा करत राहिले.

निखिल घोष हे आणखी एक नाव. बासरीला मैफलीत मानाची जागा मिळवून देणाऱ्या पन्नालाल घोष यांचे हे धाकटे भाऊ. मूळचे बंगालचे, पण कर्मभूमी मुंबई. थिरकवांकडं शिकले, मुनीरखाँचे भाचे अमीरहुसेनखाँ यांच्याकडंही शिकले. नंतर त्यांनी स्वतःच १९५६ साली मुंबईत संगीताची शाळा काढली, तीच पुढं संगीत महाभारती झाली. गुरूच्या घरातून आलेली विद्या घेऊन त्यांनी पुन्हा वर्ग थाटला, अभ्यासक्रम आखला आणि तबल्याची स्वतःची लेखनपद्धतीही बसवली.

अशी ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालू राहिली. ज्यांना वर्गात गोडी लागली ते घरी जाऊन बसले. जे घरी बसून तयार झाले त्यांनी दुसऱ्यांसाठी वर्ग काढले. एकानं दुसऱ्याला मारलं असं झालं नाही.

मान आला, पण उशिरा

१९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार खाँसाहेबांना मिळाला. १९७० साली पद्मभूषण मिळालं, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढं होते. ज्या वाद्याला कधी काळी मागची जागा होती, त्याच्या वादकाला राष्ट्रपती भवनातून बोलावणं आलं.

शेवटच्या वर्षांत त्यांना पुन्हा मुंबईनं बोलावलं. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएत, त्यांनी मुक्काम केला. मंडळी गेल्या, दरबार गेले, आता कलावंताला सांभाळण्याची जबाबदारी अशा संस्थांवर आली होती. ज्या मुंबईत पोरगेलेपणी मुनीरखाँसमोर बसून बोल घोकले, तिथंच म्हातारपणी त्यांच्यासमोर शिष्य बसले.

जीव मात्र लखनौत गुंतलेला. १९७६ च्या जानेवारीत, मोहरमच्या दिवसांत, ते लखनौमध्येच होते. १३ तारखेला तिथंच त्यांचा अंत झाला.

आपल्या पोरांसाठी यात काय आहे

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. विद्यापीठ की गुरू?

आपल्या भागातल्या मुलांना आज दोन्ही दारं उघडी आहेत. चाकणहून भोसरी, नाशिक फाटा ओलांडला की तासा-दीड तासात, ट्रॅफिक नसेल तर, पुणे विद्यापीठाचं आवार येतं. तिथलं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं. संगीत, नृत्य, नाटक यांचं शिक्षण तिथं मिळतं आणि केंद्राच्या नावापुढं गुरुकुल हा शब्द मुद्दाम लावलेला आहे. वर्गात राहून गुरूजवळ बसल्यासारखं शिकता यावं, हा त्यामागचा विचार. पिंपरी-चिंचवड महापालिकेची संगीत अकादमी निगडीत आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत, लहानमोठ्या गावांतूनही देता येतात.

ही दारं आपसूक उघडलेली नाहीत. ज्यांच्या घरात पाच पिढ्या तबला होता त्यांनी तो परक्यांच्या पोरांना द्यायचं कबूल केलं, म्हणून शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या पोराला आज कायदा शिकायला मिळतो. त्यामुळं परीक्षा, पदवी यांना कमी लेखायचं कारण नाही. पदवी असेल तर शाळेत नोकरी मिळू शकते, चार क्लास घेऊन पोट भरता येतं. हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

पण पदवीनं हात तयार होत नाही, हेही तेवढंच खरं. त्यासाठी एक जाणता माणूस शोधावा लागतो, जो शेजारी बसवून बोट पकडेल. तो मोठा नावाजलेलाच हवा असं नाही. भजनी मंडळातला साठी ओलांडलेला पखवाजी असला तरी चालेल, पण त्याचा हात साफ हवा आणि त्याला शिकवायची हौस हवी. आठवड्यात दोन तास क्लास आणि घरी रियाज शून्य, असं असेल तर विशारदचं सर्टिफिकेट भिंतीवर लागेल, वादन मात्र जिथल्या तिथं राहील. खाँसाहेबांनी लहानपणी जेवढा वेळ दिला तेवढा आजच्या पोराला शाळेच्या दप्तराखाली देता येणार नाही, मान्य. पण रोजची एक बैठक, मोबाईल बाजूला ठेवून, एवढं जमायला हरकत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती फुंकून वाजवायच्या वाद्यांची. सनई, सुंदरी, आपल्या जत्रा-यात्रांतलं संबळाबरोबरचं वाजंत्र. ही विद्या अजून बहुतेक घरातच शिकली जाते. बापाकडून मुलाकडं, काकाकडून पुतण्याकडं. मुलगा कंपनीत लागला की फुंक थांबते. लग्नात डीजे आला की सुपारी थांबते. तबल्याचं जे शंभर वर्षांपूर्वी झालं, म्हणजे घरातली विद्या लिहून ठेवणं, ध्वनिमुद्रित करणं, बाहेरच्या पोरांना देणं, ते आपल्या तालुक्यांतल्या सनईवाल्यांच्या बाबतीत व्हायचं बाकी आहे. एखाद्या गावातला जुना सनईवाला अजून वाजवत असेल, तर त्याच्यासमोर दोन पोरं बसवायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. ग्रामपंचायतीनं किंवा देवस्थान समितीनं मनावर घेतलं तर मंदिराचा सभामंडप पुरे आहे. उशीर झाला तर त्या चाली त्याच्याबरोबरच जातील. गतींच्या बाबतीत हे आधी घडून गेलेलं आहे.

थिरकवाखाँसाहेबांचं एकल वादन आज मोबाईलवर सहज सापडतं. तबला शिकणारं पोर घरात असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याबरोबर पंधरा मिनिटं ते ऐका. पहिल्यांदा नुसती टाळी धरा, सम कुठं येते ती पाहा. दुसऱ्यांदा फक्त डग्गा ऐका. मग पोराला विचारा, यातलं काय ओळखीचं वाटलं. एखादा कायदा तरी ओळखीचा निघेल.